उघाडीच्या तीन फळ्या

थंडी पडली की लोकांना बरं वाटतं. मला राग येतो.

डिसेंबर अर्धा सरला की पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा येतात. पाटी घेऊन बसलेल्या बायका त्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की फडक्याचा कोपरा वर करून दाखवतात. संध्याकाळी कुठल्या तरी सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं उलटं आणि भोवती जाळ. तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. माझी बायको मेघना म्हणते, "आली बाई थंडी." मी उठून खिडकी लावून घेतो. तिला कारण माहीत आहे, म्हणून ती पुढे काही बोलत नाही.

यंदा ते कारण फोनवरच येऊन उभं राहिलं. मंगळवारी सकाळी मी दात घासत होतो. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर निनादने पोस्टर टाकलं होतं. निनाद कामोठ्यात राहतो, ग्रुप त्याने सुरू केला, रस्ते तोच ठरवतो. पोस्टरवर लिहिलं होतं, 'सागरकिनारा राइड, पर्व चौथे. पनवेल ते पनवेल, एका दिवसात. यंदा पुन्हा मूळ मार्गाने!' आणि खाली फोटो. एका अरुंद बांधावर, दोन दगडी भिंतींच्या मधल्या फटीवर आडव्या टाकलेल्या तीन फळ्या, त्या फळ्यांवर सायकल खांद्यावर घेऊन उभा असलेला एक माणूस. माणूस तोंडभर हसतोय. फोटोखाली ठळक अक्षरांत, 'रस्ता नसेल तिथे आम्ही पूल बांधतो!'

तो माणूस मी आहे. तोंडातला फेस तसाच ठेवून मी तो फोटो बघत राहिलो. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, 'काय दिवस होता यार.' निनादने माझं नाव घालून जोडलं होतं, 'शेवटचा गडी यंदाही तूच. नाही म्हणायचं नाही.'

शेवटचा गडी ही आमच्या ग्रुपमधली एक जागा आहे. पुढे रस्ता दाखवणारा एक आणि सगळ्यांच्या मागे एक. मागच्याने कुणाच्याही पुढे जायचं नाही. कुणी दमलं, कुणाची चेन पडली, तर त्याच्यासाठी थांबायचं. आणि जिथे जिथे थांबा झाला तिथून सगळ्यात शेवटी निघायचं, म्हणजे पाण्याची बाटली, पंप, चॉकलेटचा कागद, आमचं काही म्हणजे काही मागे राहता कामा नये. 'आपण गेलो हे जागेला कळता कामा नये', असं निनाद प्रत्येक राइडच्या आधी भाषणात सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवायचो.

तीन वर्षांपूर्वीची ती थंडी चांगली होती, हे मात्र मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. दिवस वाईट गेला असता तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या. पहाटे आम्ही अठरा जण पनवेलहून निघालो. जासईपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता जीव मुठीत. एका बाजूला कंटेनरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला ट्रेलरच्या रांगा, मधून आम्ही, डोक्याला दिवे बांधलेले, अंगाला घट्ट बसणारे रंगीबेरंगी कपडे घातलेले. ट्रेलरचा एक ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला होता, "अरे साहब, घर पे गाडी नहीं है क्या?" आम्ही हसलो. धुळीने दात किरकिरत होते, तरी हसलो.

करंज्याच्या धक्क्यावर सूर्य वर आला. लाँचच्या टपावर सायकली एकमेकींत अडकवून रचल्या होत्या, खाली डिझेलचा धूर आणि ओल्या दोराचा वास. एक कोळीण टोपलीवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. तिने शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. पलीकडे रेवस. तिथून पुढे डाव्या हाताला गावं आणि उजव्या हाताला समुद्र. सुरूच्या बनातून येणारा गार वारा, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, अंगणात पसरलेली सुकट, वाळूत अर्ध्या रुतलेल्या होड्या. वाळूवर आम्ही सायकली हातात धरून चाललो. दुपारी एका खानावळीत कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली, आणि मी चक्क डोळे मिटून खाल्ली. इतका सुखी मी त्या वर्षात कधीच झालो नव्हतो. हे सगळं खरं आहे. त्यातलं काहीच पुसता येत नाही.

परतताना निनादने फोनमध्ये बघून शोध लावला. हमरस्त्याने न जाता खाडीच्या अंगाने, खारेपाटातून गेलं तर गर्दी लागणार नाही, शिवाय सूर्यास्त मिळेल. 'सूर्यास्त मिळेल' हे त्याचे शब्द. हे सूर्यास्त मिळवणारे लोक आता मला बघवत नाहीत, आणि त्यांत मी पहिला आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी खारेपाट सांगतो, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हता. खाडीच्या काठाची ही सगळी सपाट जमीन मुळात भरतीच्या पाण्याखालची. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून ती समुद्राकडून सोडवून घेतली आहे. बांधाच्या एका बाजूला तिवरं, चिखल, त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या. दुसऱ्या बाजूला भातशेतं. बांधाला जागोजागी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. दोन दगडी भिंती, भिंतींत खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. पावसात शेतातलं जादा पाणी सोडायचं असेल तेव्हा ओहोटी बघून फळ्या काढतात आणि भरतीच्या आत परत बसवतात. इतर वेळी त्या बंद. आत शेत, बाहेर समुद्र आणि मधे चार बोटं जाडीचं लाकूड.

त्या बांधाच्या तोंडाशी चांगुणाबाईंचं घर. पंचावन्नच्या आसपासच्या, उंच, काटक बाई. नवरा काही वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी उरणला दिलेली. आम्ही पाणी मागितलं तर त्यांनी कळशीच बाहेर आणून ठेवली. मग म्हणाल्या, "नुसतं पानी नका पिऊ, थांबा." आणि पाठीमागच्या शेतात जाऊन ओंजळ ओंजळ वालाच्या शेंगा खुडून आणल्या. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हा वाल येतो. शेत घरामागून थेट उघाडीच्या दिशेने उतरत गेलेलं, सगळ्यात खोलगट. कमरेएवढे वेल, पांढरी-जांभळी फुलं. आम्ही कोवळ्या शेंगा तशाच चावून खाल्ल्या. निघताना त्या म्हणाल्या, "अजून भरल्या नाय त्या. पंधरा दिवसांनी या, पोपटी लावू. खरंच या, नुसतं हो बोलू नका." आम्ही अठरा जणांनी हात जोडले आणि नुसतं हो म्हणालो.

बांधावर अर्धा-पाऊण किलोमीटर गेल्यावर उघाडी आडवी आली. भिंतींच्या वरून पलीकडे जायला दोन माडाचे ओंडके. गावातली माणसं त्यांवरून डोक्यावर भारा घेऊन जातात. आमच्या बुटांना खाली लोखंडी पट्ट्या, वर सायकली. पहिलाच गडी घसरता घसरता वाचला. ओहोटी होती. उघाडीबाहेर पाणी कुठे दिसतच नव्हतं, नुसता चकाकणारा चिखल आणि त्यात चालणारे बगळे. कुणी म्हणालं, "या फळ्या काढून वर टाकल्या तर?" कोण म्हणालं ते आज कुणालाच आठवत नाही. मला आठवतं. मी म्हणालो.

वरच्या तीन फळ्या खाचेतून सहज निघाल्या. आम्हाला वाटलं, इतक्या सहज निघतात म्हणजे कामाच्या नसतील. खाली अजून तीन होत्याच. ओंडक्यांवर त्या आडव्या टाकल्या आणि झकास पूल तयार झाला. अठरा सायकली पार झाल्या. फोटो काढले. शेवटी मी उरलो. फळ्या परत बसवायला वाकलो तर पुढून निनाद ओरडला, "राहू दे रे! गावातल्या बायकांना बरं पडेल. बिचाऱ्या त्या ओंडक्यांवरून जातात."

आणि मला ते पटलं. इथे मला माझ्या मुस्काटात मारावीशी वाटते. मी नुसत्या फळ्या ठेवल्या नाहीत, तर पाय दाबून त्या हलतात का ते पाहिलं. एक डुगडुगत होती, तिच्याखाली दगडाची चीप सरकवली. बांधावर चॉकलेटचा एक कागद पडला होता, तो उचलून खिशात घातला. मागे वळून एकदा नीट बघितलं. आमचं काहीही मागे राहिलं नव्हतं. गावाचं आपण काहीतरी भलं केलं या आनंदात मी वडखळपर्यंत शीळ घालत सायकल चालवली.

वडखळच्या पुढे समोर चंद्र वर आला. मोठा, तांबूस, पुरा गोल. सगळे थांबले, सगळ्यांनी फोटो काढले. पौर्णिमा आहे हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला तो दिवस रविवार म्हणून माहीत होता. आम्ही 'काय नशीब' म्हणालो, पळस्प्याला चहा प्यायलो आणि घरी येऊन मेल्यासारखे झोपलो. त्याच चंद्राच्या उधाणाचं पाणी त्या रात्री खाडीत चढत होतं. रोजच्या भरतीला खालच्या तीन फळ्या पुरतात. वरच्या तीन असतात त्या फक्त उधाणासाठी.

मी विमा कंपनीत काम करतो. लोकांच्या नुकसानीचे अर्ज तपासणं हा माझा धंदा आहे. अर्जात एक रकाना असतो, 'नुकसानीचे कारण.' तो रिकामा असेल तर मी अर्ज परत पाठवतो. वीस वर्षं हे करतोय. दुसऱ्याचं कारण शोधायला माझ्याइतका हुशार माणूस आमच्या कचेरीत नाही.

तीन आठवड्यांनी मी खरंच पोपटीला गेलो. अठरांपैकी मी एकटा. एका शनिवारी मोटरसायकल काढली, पनवेलहून पेढ्यांचा पुडा घेतला. शब्द पाळणारा माणूस म्हणून स्वतःवर खूश होतो. घरापाशी उतरलो आणि मागे बघितलं तर शेत काळं होतं. वेल जमिनीला चिकटलेले, हात लावला की चुरा होणारे. मातीवर पांढरी खपली, पाय पडला की करकरायची. त्या एवढ्या शेतात एक हिरवं पान नव्हतं.

"उधानाचं पानी शिरलं," चांगुणाबाई म्हणाल्या. ओट्यावर बसवून त्यांनी मला चहा दिला. "उघाडीच्या वरच्या फळ्या कोनी काढून आडव्या टाकलेल्या. पुलासारख्या. खाली चीपबी लावलेली, हलू नये म्हनून."

आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "कोणी केलं असेल असं?"

हे माझे शब्द आहेत. मी ते उच्चारले, बशीत चहा ओतत उच्चारले. तीन वर्षं झाली, आंघोळ करताना, जेवताना, कचेरीत अर्ज तपासताना ते माझ्याच आवाजात मला ऐकू येतात.

चांगुणाबाईंनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "कोन म्हंजे? माझा दीर, धर्मा. त्या पुनवेला उघाडीची पाळी त्याची व्हती." त्या गावात उघाडीची राखण घरटी पाळीने असते. अमावास्या-पुनवेला ज्याची पाळी त्याने दुपारच्या भरतीला बांधावर जाऊन बसायचं, फळ्या बघायच्या, फटीत चिखल लिंपायचा. कुणी लिहून ठेवत नाही, कुणाची सही नाही. त्या माणसाने 'बघून आलो' म्हटलं की संपलं, त्यावर रात्रीच्या भरतीला सगळं गाव झोपतं. "तो बोलतो, दुपारच्या भरतीला मी बसलेलो, साही फळ्या व्हत्या. मग काय उडून गेल्या? आमचं बांधाच्या कडेवरून जरा वाजलेलं, त्याचा राग काढला त्यानं. गावानं त्याची पाळी काढून घेतली."

मी बशी तोंडाला लावली.

"उलट तुमचंच नाव घेतो," त्या म्हणाल्या. "बोलतो, सायकलवाल्यांनी केलं, फळ्यांवर टायरचे वळ हाइत. मी बोलले, लाज नाय वाटत? ती शिकलेली मानसं. जाताना हात जोडून गेली. ती कशाला आपल्या फळ्यांना हात लावतील?"

मी चहा संपवला. पेढ्यांचा पुडा दिला. त्यांनी तो देवापुढे ठेवला. मी मोटरसायकलला किक मारली आणि निघून आलो.

निघताना धर्मा दिसला होता. शेजारचंच घर. ठेंगणा, छातीवर पांढरे केस असलेला माणूस अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं. माझ्या पायांत ते बूट नव्हते, साध्या चपला होत्या. तरी मी पाय मागे घेतले.

निनादला मी सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. तो म्हणाला, "अरे, आपणच कशावरून? नंतर कुणी आलं असेल. आणि समजा आपण असलो तरी मुद्दाम केलं का? ग्रुपवर टाकू नकोस, उगाच निगेटिव्हिटी पसरते." मी टाकलं नाही. निनादवर राग धरणं फार सोयीचं आहे, तीन वर्षं मी ते मन लावून केलं. पण निनाद त्या ओट्यावर बसला नव्हता. त्याला कुणी चहा दिला नव्हता. पुढच्या दोन राइड हमरस्त्याने झाल्या, मी कारणं सांगून टाळल्या. सायकल बाल्कनीत उभी राहिली. मेघनाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्या माणसाचं काय?" धर्माचं नाव तिला माहीत नव्हतं, तरी तिने बरोबर त्याच्यावर बोट ठेवलं.

त्या माणसाचं काय, हे मला कळायला वेळ लागला. शेत एक-दोन पावसाळ्यांत धुऊन निघतं, मीठ उतरतं. पण ज्याच्या 'बघून आलो'वर गाव झोपायचं त्या माणसाला बांधावरून उठवलं, आणि ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे गावाला पटेल असं फक्त मी सांगू शकत होतो. मी ते माझ्याकडे ठेवलं होतं. का, तर मला लाज वाटते म्हणून. एवढंच कारण. अर्जात लिहिलं असतं तर मीच परत पाठवला असता.

पोस्टर आलं त्या मंगळवारी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आता मला सवय लागली आहे. रविवारी राइड, शनिवारी पौर्णिमा. म्हणजे तीच वेळ, तोच बांध, तेच उधाण, आणि पुढे 'पूल बांधणाऱ्यांची' नवीन तुकडी. ग्रुपवर मी लिहिलं, 'तो पूल नव्हता. ती उघाडी होती. आपण काढलेल्या फळ्यांमुळे एका बाईचं शेत गेलं आणि एका माणसावर आळ आला. फळ्या मी काढल्या, मीच तशा ठेवल्या. तो रस्ता घेऊ नका.'  मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग दुसऱ्याने. मग एकाने विचारलं, 'टी-शर्टचा साइज कधीपर्यंत कळवायचा?' निनादचा मेसेज रात्री आला, 'मार्ग बदलतो. पण हे ग्रुपवर टाकायची गरज नव्हती.'

शनिवारी मी सायकलने गेलो. मोटरसायकलवर जायला मन होईना. पळस्प्याहून गोवा रस्त्याला लागलो, पेण, वडखळ, आणि अकराच्या सुमारास गावात. सायकलचे ब्रेक वाजले तशा चांगुणाबाई बाहेर आल्या. त्यांनी ओळखलं. "या दादा. किती वर्सांनी? बसा, चाय टाकते."

"चहा नको ताई," मी म्हणालो. "आधी ऐका." आणि उभ्याउभ्याच सांगितलं. फळ्या मी काढल्या. आडव्या मी टाकल्या. चीप मी लावली. तुमच्या ओट्यावर बसलो तेव्हा मला सगळं माहीत होतं.

 मी वाट बघत होतो, त्यांनी ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. त्यांनी विचारलं, "आमी सांगितलं नाय, हात लावू नका, म्हनून?"

"नाही. तुम्ही का सांगाल?"

"तेच बोलते मी. पावन्याला कोन सांगतं, घराचं दार काढून नेऊ नको?" मग आवाज चढला. "आनि त्या दिवशी? माझ्या देखत चाय प्यायलास. मी धर्मा भावजींना काय काय बोललेय, तुझ्या देखत बोललेय. तुझ्या तोंडात जीभ नव्हती?" त्या मला अरेतुरे करत होत्या, आणि मला ते बरं वाटलं.  "तीन वर्सं. त्याच्या नातीच्या बारशाला मी गेले नाय. लागून घर, तीन वर्सं तोंड नाय बघितलं."

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. "चल," म्हणाल्या. "त्याच्या समोर बोल."

धर्मा बांधावर होता. पाळी काढून घेतली तरी दर पुनवेला तो तिथे जाऊन बसतो, हे मला चांगुणाबाईंनी चालता चालता सांगितलं. ज्याची पाळी असेल तो एका टोकाला बसतो आणि हा, कुणी बोलावलेलं नसताना, दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी पाळीवाला अजून यायचा होता. धर्मा एकटाच होता. पाणी चढत होतं. तिवरांची खोडं बुडाली होती आणि चौथ्या फळीला लाटा लागत होत्या.

मी पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा वाईट सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुमचं नाव माझ्यामुळे खराब झालं. गावासमोर सांगायला तयार आहे. आज, आत्ता, म्हणाल तेव्हा."

धर्मा पाण्याकडेच बघत होता. "मना म्हायती हाय," तो म्हणाला. "टायरचे वळ कवाच वळखलेले. तुमी परत आलाव तवाबी वळखलं." त्याने हाताने फळीवरचं शेवाळ पुसलं. "तुमचं काय हाय, साहेब. तुमी परके. तुमाला ठावं नव्हतं उघाडी म्हंजे काय. जाऊ द्या. संध्याकाळी गावात सांगून जा आनि जा."

मला ही माफी नको होती. इतकी स्वस्त तर मुळीच नको होती. तीन वर्षं मी जिचा धसका घेतला होता ती गोष्ट त्या माणसाने बांधावर दोन वाक्यांत मोडीत काढली, कारण माझ्याकडून त्याची काही अपेक्षाच नव्हती. परका माणूस येतो, दार काढतो, निघून जातो. त्याच्यावर रागवायचं तरी काय.

चांगुणाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "भावजी," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.  त्यांनी भाकऱ्यांचं फडकं त्याच्या शेजारी, बांधावर ठेवलं.

धर्माने मान वळवली नाही. "परक्याचं काय नाय," तो पाण्याला सांगितल्यासारखं म्हणाला. "तू घरची. मी बोललो, फळ्या व्हत्या. तरी तू त्यांचं खरं धरलंस."

पाणी पाचव्या फळीला लागलं. फटीतून बारीक धार आत यायला लागली. धर्मा उठला, चिखलाचा गोळा उचलून मला म्हणाला, "वरची फळी धरा. दाबून धरा." मी दोन्ही हातांनी धरली. पलीकडून सगळी खाडी रेटत होती आणि ते रेटणं तळव्यांना कळत होतं. त्याने बोटांनी फट लिंपली, पुन्हा गोळा घेतला, पुन्हा लिंपली. चांगुणाबाईंनी न सांगता घमेलं पुढे सरकवलं. त्याने त्यातला चिखल घेतला, त्यांच्याकडे बघितलं नाही.

भरती उतरायला लागली तेव्हा दोन वाजून गेले होते, पाळीवाला काही आला नव्हता. संध्याकाळी गावात, देवळापुढे, मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. धर्माची पाळी तिथल्या तिथे परत मिळाली. कुणी मला काही बोललं नाही. एकाने उलट पाणी दिलं.

त्याआधी, बांधावरून निघताना, मी शेवटचा गडी म्हणून सवयीने मागे वळून बघितलं होतं. साही फळ्या जागेवर होत्या. धर्मा एका टोकाला बसला होता, चांगुणाबाई दुसऱ्या. मधे भाकऱ्यांचं फडकं तसंच होतं, त्याची गाठ कुणी सोडली नव्हती.